पुजलेला पोछा

इमारत कुठली ते सांगत नाही. नाशिकमधली आहे, सरकारी आहे, दाखल्यांसाठी आणि सह्यांसाठी माणसं तिथं रांगा लावतात, एवढं पुरे. नाव घेऊन काही होत नाही हे मला आता कळलंय. आणि पुन्हा कुणाशी वाद घालायचा तर तेवढा जीवही माझ्यात राहिलेला नाही.

मी पंचवटीत राहते, घरी ब्लाउज शिवते. धाकटा भाऊ दिंडोरी रस्त्याला आमच्या गावात झेंडू आणि शेवंती लावतो. दसरा आणि दिवाळी म्हणजेच त्यांचं वर्ष. त्या दिवसांत भाऊ तोडणीला आणि टेम्पोला जुंपलेला असतो आणि भावजय त्या सरकारी इमारतीच्या फाटकाशेजारी, फूटपाथवर ताडपत्री अंथरून फुलं विकायला बसते. यंदा बरोबर माझी भाची होती, सात वर्षांची. शाळेला सुट्टी. आमची आई भावाकडेच असते, पण तिला दिसतं कमी, ती पोरीच्या मागं कुठं धावणार? म्हणून पोरगी मम्मीबरोबर शहरात. फुलांच्या ढिगाआड बसून तोरणं ओवायची आणि गिऱ्हाईक आलं की मम्मीच्या आधी भाव सांगायची. चुकीचा सांगायची, पण असा ठणकावून की माणसं हसत हसत फुलं घ्यायची.

खंडेनवमीला दुपारी मी त्यांचा डबा घेऊन गेले. रस्त्यावर ही गर्दी. भावजयीला मान वर करायला उसंत नव्हती. पोरगी एका पायावर नाचत होती.

"ताई, हिला लय जोराची लागलीय कवापासून. आत घेऊन जाता का? मला ढीग सोडता येईना."

आता हे आधी सांगायला हवं. फूटपाथवर दिवसभर बसणाऱ्या बाईनं कुठं जायचं, हा प्रश्न या शहरात कुणाला पडत नाही. पुरुषांचं बरं, कुठलीही भिंत चालते. त्या इमारतीत पहिल्या मजल्यावर बायकांचं स्वच्छतागृह आहे. भावजय आणि तिच्या शेजारी बसणाऱ्या बाया दिवसातून एखाद्या वेळी तिथं जाऊन यायच्या. कुणी परवानगी दिली नव्हती, कुणी अडवलंही नव्हतं. वॉचमन दुसरीकडं बघायचा. असं ते चाललं होतं.

मी पोरीचा हात धरला आणि आत शिरले. आत नुसता उत्सव! खंडेनवमी म्हणजे हत्यारांची पूजा. शेतकरी कोयता-विळा पुजतो, मी माझं शिलाई मशीन पुजते, आणि ऑफिसवाले कॉम्प्युटर, झेरॉक्स, कपाटं, लिफ्ट, साहेबांची जीप, जे जे चालतं त्या सगळ्याला हळद-कुंकू वाहतात. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी, त्यामुळं सगळ्यांनी पूजा उरकून घेतलेली. बायका ठेवणीतल्या साड्यांत, पुरुष नवीन शर्टात, हातात पेढ्याचे पुडे. दारात, लिफ्टपाशी आणि जिन्याच्या तोंडाशी नारळ फोडलेले. प्रत्येक खिडकीला झेंडूची माळ, त्यातल्या काही भावजयीच्याच ढिगातल्या असणार. पाकळ्या सगळीकडं सांडलेल्या.

आणि फरशी म्हणजे अशी गुळगुळीत की तोंड दिसावं. सरकारी इमारतींना हे कुणी शिकवलंय कुणास ठाऊक, पण जिथं म्हातारीकोतारी आणि लेकरं येणार, तिथं नेमका हाच दगड बसवतात. मोठ्या लोकांच्या नजरेला चकचकीत दिसायला हवा ना.

वर गेलो, पोरीचं काम झालं, हात धुऊन खाली निघालो. हात माझ्या हातात होता. पुढं हे मी इतक्यांना सांगितलं की आता माझंच मला खोटं वाटायला लागलंय, म्हणून इथंही एकदा सांगते. हात माझ्या हातात होता, पोरगी पळत नव्हती, उड्या मारत नव्हती. जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून तिनं पाय खाली ठेवला तो नारळाच्या पाण्यात भिजलेल्या पाकळ्यांवर. पाय सटकला, तिची ओली बोटं माझ्या हातातून निसटली, आणि कोपर पायरीच्या काठावर आदळलं. मी तो आवाज ऐकला.

पोरगी आधी रडलीच नाही. माझ्याकडं बघत बसली. मग जी रडायला लागली, ते ऐकून वरच्या मजल्यावरची माणसंही खाली आली.

माणसं वाईट नव्हती हो. हे मला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं, कारण वाईट असती तर मला भांडायला बरं पडलं असतं. एकीनं पाणी आणलं. एकानं रिक्षा बोलवायला धाव घेतली. एका गृहस्थांनी रडणाऱ्या पोरीच्या चांगल्या हातात पेढा ठेवला, "घे बाळा, प्रसाद आहे, रडू नको" म्हणाले. हात लोंबकळतोय आणि पेढा! पण मनानं चांगलेच होते.

मी ओरडले, "आधी ते पुसा कुणीतरी! अजून कुणी आपटेल!"

सगळ्यांनी एकदमच मान वळवली. जिन्याखालच्या कोपऱ्यात दोन झाडू आणि दोन पोछे भिंतीला टेकवून ओळीनं उभे होते. प्रत्येकाला हळद-कुंकवाची बोटं, प्रत्येकाच्या दांड्याला झेंडूचं फूल बांधलेलं, पुढं उदबत्ती जळून गेलेली. शेजारी सफाईवाल्या मावशी उभ्या होत्या, चांगली साडी नेसून, हातात प्रसादाचा पुडा. त्यांनी माझ्याकडं बघितलं, पोछ्याकडं बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "ताई, आज पुजलाय ना तो."

कुणी हललं नाही. पुजलेलं हत्यार त्या दिवशी वापरायचं नाही, त्याला विसावा द्यायचा, हे आमच्याकडं शेंबड्या पोराला माहीत असतं. आणि पूजेची फुलं झाडूनं लोटायची नसतात, हेही. तर झाडू पुजलेला, पोछा पुजलेला, फुलं पूजेची, नारळाचं पाणी पूजेचं. त्या इमारतीत हात लावण्यासारखं काही उरलंच नव्हतं. शेवटी कुणीतरी वर्तमानपत्रांच्या स्टँडवरचे पेपर आणून त्या ओल्यावर पसरले.

खरं सांगू? माझं डोकं फिरलेलं असतानासुद्धा मला ते पटलं. सकाळी मी स्वतः माझ्या मशीनवर फूल ठेवून आले होते. दारात एखादी बाई उद्याच्या सणाचं ब्लाउज मागत रडत उभी राहिली असती तरी मी पायडलला पाय लावला नसता. फूटपाथवर भावजयीनं मात्र तराजूला सकाळी कुंकू लावून तो तसाच वापरायला घेतला होता. डबा देताना मी तिला चिडवलंही होतं. "देवाला कळतंय ताई, आपल्या मागं पोट हाय," म्हणाली होती ती हसत. ज्याला वापरल्यावाचून गत्यंतर नाही तो वापरतो. ज्याच्या पगाराला धक्का लागत नाही त्याचा पोछा विसावा घेतो. हे मला तेव्हा सुचलं नाही, सुचलं असतं तर तोंडावर बोलले असते.

हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला. कोपराच्या वरचं हाड मोडून सरकलं होतं. भूल देऊन बसवावं लागलं, आत बारीक तारा घातल्या, वर प्लास्टर. भावजय ताडपत्री आणि फुलं शेजारणीच्या हवाली करून धावत आली होती, पदराला पाकळ्या चिकटलेल्या. ती एकच विचारत राहिली, "डॉक्टर, हात सरळ हुईल ना?" डॉक्टर म्हणाले, "लहान आहे, होईल. पण प्लास्टर निघाल्यावर नक्की सांगता येईल." या 'पण'चा तिनं जो धसका घेतला, तो काही जाईना. दसऱ्याचा धंदा तर गेलाच. फुलं शेजारणीनं विकली तेवढी विकली, बाकीची संध्याकाळी फूटपाथवरच राहिली.

दसरा झाल्यावर मी गावी गेले. पोरगी खाटेवर, उशीवर हात ठेवून. आईनं मला बघितलं आणि तोंडाचा पट्टा सुरू केला, पण माझ्यावर नाही. चुलीपाशी बसलेल्या भावजयीवर.

"पोरीला बाजारात घिऊन बसायची काय गरज व्हती? चार फुलं इकायच्या नादात लेकराचा हात घालवला. पोरीची जात हाय. वाकडा हात ऱ्हायला म्हंजी?"

"आई, ती तिथं नव्हतीच," मी म्हटलं. "मी होते. हात माझ्या हातात होता."

"तू गप. तू कशाला तिची बाजू घेतीस? तू व्हतीस म्हणून दवाखान्यात तरी नेली येळेवर."

बघा आता. पोरगी माझ्या हातातून सुटली, आणि मला कुणी एका शब्दानं बोललं नाही. मी नणंद. मी त्या घरची लेक. लेकीच्या हातून काही होत नसतं, होतं ते सुनेच्या हातून. भाऊ भिंतीकडं बघत बसला होता. तो आईला काही बोलला नाही आणि बायकोलाही काही बोलला नाही, आणि त्याचं ते न बोलणं तिला आईच्या बोलण्यापेक्षा जास्त लागत होतं हे मला दिसत होतं. गल्लीतल्या बाया पोरीला बघायला यायच्या, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवायच्या आणि जाता जाता भावजयीला म्हणायच्या, "लक्ष ठिवावं गं." ती मान हलवायची. चहा करायची, सगळ्यांना द्यायची, स्वतः घ्यायची नाही.

मला ते बघवेना. मी ठरवलं, त्या इमारतीत जायचं. पैसे नको होते मला, कुणाला शिक्षाही नको होती. मला एका माणसाच्या तोंडून एवढंच हवं होतं की फरशी आमची होती आणि चूक आमची झाली. ते ऐकून मी गावी जाणार होते आणि आईच्या, भावाच्या, गल्लीतल्या त्या सगळ्या शहाण्या बायांच्या कानांवर घालणार होते. म्हणजे भावजयीच्या मागचं शुक्लकाष्ठ सुटेल. बस. एवढ्याचसाठी मी ब्लाउजांचा ढीग बाजूला ठेवून हेलपाटे घालायला लागले.

आणि काय हेलपाटे घातले म्हणून सांगू! पहिल्यांदा गेले तर साहेब इगतपुरीला. पुन्हा गेले तर नांदगावला. त्यानंतर गेले तर ऑफिसात होते, पण मीटिंगमध्ये होते. खालच्या खिडकीतला माणूस म्हणाला, इमारतीचं बघणारे वेगळे. इमारतीचं बघणारे म्हणाले, आम्ही भिंती आणि छत बघतो, सफाई ठेकेदाराकडं. ठेकेदाराचा सुपरवायझर मोटरसायकलवर बसल्या बसल्या म्हणाला, "आम्ही रोज दोन वेळा पुसतो ताई. नारळ आम्ही फोडले का? ते स्टाफचं." स्टाफमधल्या एक बाई, त्या दिवशी पाणी आणून देणाऱ्याच, कळवळून म्हणाल्या, "अहो, पूजा सगळ्यांची असते. वर्गणी काढून करतो. एकाचं नाव कसं घेणार?" पोछा का नाही लावला, असं ज्याला ज्याला मी विचारलं, तो तो माझ्याकडं अशा नवलानं बघायचा, जणू मी परमुलखातून आलेय. "पुजलेला होता ना, ताई!"

मी काय बोलणार? मशीनवर फूल ठेवणारी मी.

भाऊ म्हणाला, सोड ताई. शेजारीण म्हणाली, कुठं या भानगडीत पडता. पायांत गोळे यायचे. सणाची शिलाई तटलेली, गिऱ्हाइकांची बोलणी वेगळीच. पण भावजयीचा तो चेहरा डोळ्यांपुढं आला की पुन्हा चप्पल घालायची आणि निघायचं.

शेवटी एकदाचे साहेब भेटले. चांगले होते बोलायला. खुर्ची दिली, चहा मागवला, पोरीची चौकशी केली. मग समोर कागद ओढून म्हणाले, "बाई, त्या दिवशी तुमचं कार्यालयात काम काय होतं?"

"पोरीला लघवीला नेलं होतं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे काम नव्हतं."

"तेच काम होतं," मी म्हटलं.

ते थोडं हसले. मग म्हणाले की तुमचा त्रास मी समजू शकतो, मी स्वतः ठेकेदाराशी बोललोय. "ती जी सफाईवाली बाई आहे, तिला त्या दिवशी पुसायला हवं होतं. तिला उद्यापासून बंद करतो. झालं समाधान?"

माझ्या अंगाची आग झाली. "तिला का? नारळ तुम्ही फोडलात. फुलं सगळ्यांनी वाहिली. पोछ्याला कुंकू लावायला तुमच्या ऑफिसातल्या मॅडम होत्या, तिथं उभं राहून फोटो काढले तुम्ही लोकांनी, तुमच्या स्टाफनंच सांगितलं मला. तो पोछा तिनं उचलला असता तर तुम्हीच तिला ओरडला असता. आणि आता नोकरी तिची जाणार?"

"मग तुम्हीच सांगा, कुणाला धरायचं?" साहेब शांतच. "पूजा तर सगळ्यांनी केली."

"मग सगळ्यांनी मिळून म्हणा ना, आमचं चुकलं."

त्यावर त्यांना खरंच काही कळेना. चिडले नाहीत, विचारात पडले. "असं कसं म्हणता येईल, बाई? सगळे म्हणजे कोण?"

मी चहाकडं बघत बसले. साय धरली होती. मला एकदम इतकं थकल्यासारखं झालं की तिथंच टेबलावर डोकं टेकावंसं वाटलं. मी म्हटलं, "त्या मावशींचं नाव घेऊ नका. एवढं तरी करा. आणि पुन्हा असं कुणाच्या लेकराचं होऊ देऊ नका."

साहेब लगेच म्हणाले, "ते मात्र नक्की. पुन्हा असं होणार नाही, शब्द देतो. आजच सूचना काढतो." आणि मला दारापर्यंत सोडायला आले. वाटेत म्हणालेसुद्धा, "तुमच्यासारखी समजूतदार माणसं कमी येतात हो."

समजूतदार! पण मी खूश झाले, खोटं कशाला बोलू? इतके हेलपाटे घातल्यावर एवढंसं मिळालं तरी माणसाला ते पुष्कळ वाटतं. मी त्याच पावली गाव गाठलं आणि आईसमोर ठणकावून सांगितलं, "साहेबांनी स्वतः शब्द दिलाय. पुन्हा असं होणार नाही म्हणाले. म्हणजे चूक त्यांची होती ना? आता हिला बोलायचं नाही."

आईनं सुपारी कातरता कातरता विचारलं, "त्यांची चूक व्हती आसं म्हणाले का?"

"तसंच म्हणाले."

"तसंच म्हंजी?"

भावजय दारात गव्हाचं सूप घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि मलाच समजावल्यासारखी म्हणाली, "जाऊ द्या ताई. तुम्ही गेला ना, लय झालं." आणि आत निघून गेली.

दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी झेंडूला तेच दसऱ्यासारखं गिऱ्हाईक. पोरीला गावात ठेवावं असं मला वाटत होतं, पण आईच म्हणाली म्हणे, "मला सांभाळायला जमत नाय, तुझी पोर तू ने, आन ह्या खेपेला डोळ्यापुढून हलवू नको." तर पोरगी पुन्हा त्याच फाटकाशेजारी, ताडपत्रीच्या कडेला, प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून. एका हातानं ओवता येत नाही, म्हणून सुई मम्मीच्या हातात आणि फूल हिच्या हातात. भाव सांगत नव्हती. गिऱ्हाईक आलं की मम्मीकडं बघायची.

दुपारी मी डबा घेऊन पोहोचले. दिवाळीचं ऊन, पण चटका उन्हाळ्याचा. माझा घसा सुकला होता. म्हटलं आधी आत जाऊन तोंड धुवावं. पहिल्या मजल्यावर गेले. फरशी तशीच, लखलखीत. जिन्यापाशी माळांची तयारी चाललेली, कोपऱ्यात नारळ आणून ठेवलेले. आणि बायकांच्या स्वच्छतागृहाला नवीन लोखंडी जाळीचं दार, त्याला कुलूप. वर पाटी: फक्त कर्मचारी व कार्यालयीन कामासाठी आलेल्या महिलांसाठी. किल्ली आवक-जावक कक्षात मागावी.

मी वॉचमनला गाठलं. "हे कधी झालं?"

तो अवघडला. "ताई, तुमच्याच तक्रारीवरून ना. साहेबांनी लगेच करून घेतलं. म्हणाले, बाहेरच्या बायका-पोरं ये-जा करतात, उद्या पुन्हा कुणी पडलं तर जबाबदारी कुणाची?"

अख्ख्या त्या इमारतीत 'जबाबदारी' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

खाली आले. पाय ओढत आले असं म्हणायला हरकत नाही. भावजय तराजूत फुलं टाकत होती. शेजारच्या शेवंतीवाल्या मावशींनी माझ्याकडं बघितलं आणि नजर वळवली. त्या सगळ्यांना माहीत होतं. दिवाळीचा बाजार सुरू झाल्यापासून त्या कुलपापुढून परत येत होत्या, आणि एकीनंही मला सांगितलं नव्हतं.

"तू मला बोलली का नाहीस?" मी भावजयीला विचारलं.

"काय बोलू? तुम्ही माझ्यापायी गेला व्हता ना ताई."

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. तिनं गिऱ्हाइकाला पिशवी दिली, पदरानं कपाळ पुसलं आणि पुढच्याला विचारलं, काय देऊ. तिचे ओठ सुकून पांढरे पडले होते. मला वाटलं, कामाच्या गडबडीत पाण्याचंही भान नाही हिला. मी पिशवीतून गार पाण्याची बाटली काढली, झाकण उघडून तिच्यापुढं धरली. तिनं मान हलवली. मग मी ती पोरीपुढं धरली. तिचेही ओठ तसेच, सालं निघालेली. तिनं बाटलीकडं बघितलं. प्यायची इच्छा तिच्या सगळ्या चेहऱ्यावर होती. तिनं चांगला हात पुढं केला आणि बाटली माझ्याकडंच सरकवली.

"तू पी, आत्या. आम्ही घरी गेल्यावर पिणार."